कुलपातली पुस्तके

आमच्या घरी दिवाळीची झाडलोट सुरू झाली की सर्वांत आधी सापडते ती किल्ल्यांची जुडी. तीत सतरा किल्ल्या आहेत. त्यांतल्या चारांची कुलपे ठाऊक आहेत. उरलेल्या तेरा कशाच्या, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. दरवर्षी सौभाग्यवती ती जुडी माझ्यापुढे धरून विचारते, “टाकू का?” आणि दरवर्षी मी म्हणतो, “असू दे.” किल्ली टाकावी आणि दुसऱ्या दिवशी तिचे कुलूप सापडावे, असाच माझा आजवरचा अनुभव आहे. यंदा मात्र उलटे झाले. घरात कुलपे आली, तीही एकदम पंचवीस, आणि किल्ली त्यांतल्या एकाचीही नव्हती.

ती आली न्यू जर्सीहून. माझे थोरले बंधू, म्हणजे आमचा दादा, चाळीस वर्षे तिकडे होता. गेल्या वर्षी तो गेला. माघात वहिनी आल्या, तेव्हा त्यांनी बॅगेतून दोन वस्तू काढून माझ्या हाती दिल्या. एक दादाचा जुना, विटेएवढा जड लॅपटॉप आणि दुसरा बोटाएवढा पेनड्राइव्ह. “यात त्यांची सगळी पुस्तकं आहेत,” वहिनी म्हणाल्या. “वाचणारे तुम्हीच. माझ्याच्यानं काही होत नाही.”

आता या पुस्तकांवरून आम्हां भावांचे वीस वर्षे भांडण होते, हे सांगायला हवे. मी छापखान्यात मुद्रितशोधकाचे काम केलेला माणूस. माझ्या बोटांना कागद लागतो. दादा इंजिनियर, नवे यंत्र निघाले की पहिल्या आठवड्यात ते त्याच्या टेबलावर असायचे. २००१ च्या सुमारास त्याने इलेक्ट्रॉनिक पुस्तके विकत घ्यायला सुरुवात केली आणि रविवारच्या फोनवर मला उपदेश सुरू केला. “बापू, तुझी कपाटं वाळवी खाणार. माझं कपाट बघ, खिशात मावतं. याला वाळवी नाही, धूळ नाही, रद्दीवाला नाही.” मी म्हणायचो, “दादा, वाळवीनं खाल्लेलं पुस्तक निदान अर्धं तरी वाचता येतं.” हे मी केवळ भांडणाच्या भरात बोलत होतो. पुढे ते इतके शब्दशः खरे ठरेल असे वाटले नव्हते, आणि खरे ठरले तेव्हा त्याचा आनंदही झाला नाही.

पेनड्राइव्ह संगणकाला लावला. त्रेसष्ट फाइली दिसल्या. पहिली उघडायला गेलो, तर संगणकाने विचारले, ही कशाने उघडू? मी म्हटले, तूच सांग. दुसरीने तेच. पाचव्या फाइलीने मला पासवर्ड विचारला, आणि आठवीने ‘या उपकरणास परवानगी नाही’ असे इंग्रजीत खडसावले. सख्ख्या भावाच्या पुस्तकाने मला असे दारातच उभे करावे, हे मनाला लागले. मी पेनड्राइव्ह काढून किल्ल्यांच्या जुडीशेजारी ठेवून दिला.

तो तिथेच राहायचा. पण श्रावणात माझी भाची मीरा राहायला आली. ती संगणकाच्या कामातली आहे. माझी कहाणी ऐकून ती हसली आणि म्हणाली, “मामा, तू दोन वेगळे आजार एकाच पुडीत बांधतोयस. काही फाइली नुसत्या जुन्या आहेत आणि काहींना कुलूप आहे. आधी त्यांना वेगळं करू या.”

वाचकहो, हा भेद मला ठाऊक नव्हता आणि तुमच्यापैकी अनेकांना नसेल, म्हणून सांगतो. जुनी फाइल म्हणजे मोडी लिपीतला कागद. मजकूर समोर आहे, लपवलेला नाही. फक्त वाचणारा हवा. कुलूपबंद फाइलीत मजकूर मुद्दाम कूट करून ठेवलेला असतो. तो सरळ करण्याची किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा. तो विकणाऱ्याच्या सर्व्हरवर असतो, आणि तुम्ही पुस्तक ज्या यंत्रावर घेतले त्या यंत्राच्या पोटात त्याची एक प्रत उतरवलेली असते. यंत्र बदलले की पुन्हा सर्व्हरकडे जाऊन नवी किल्ली मागायची. सर्व्हर चालू असला तर ती मिळते. दुकान बंद झाले की मागायची कोणाकडे?

नुसत्या जुन्या फाइली अडतीस निघाल्या. त्यांच्यासाठी मीराने ‘कॅलिबर’ नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम माझ्या संगणकावर बसवला. कोविद गोयल यांनी २००६ साली सोनीच्या एका वाचनयंत्रासाठी त्याची सुरुवात केली. आज जगभर लोक तो वापरतात. जुन्या घडणीचे पुस्तक एका बाजूने घालावे आणि दुसऱ्या बाजूने आजच्या ‘ईपब’ या घडणीत काढून घ्यावे, इतके ते सोपे. ही ईपब घडण २००७ साली ठरली. तिच्या आत काय असते ते मीराने मला उकलून दाखवले. फाइलीच्या नावाचे शेपूट बदलून ‘झिप’ केले, की पुडके सुटते आणि आत साधी वेबपाने, चित्रे आणि अनुक्रमणिका नीट लावलेली दिसतात. डब्यात चपात्या, भाजी, लोणचे वेगवेगळ्या पुड्यांत असावे तसे. हे पाहून मला पहिल्यांदाच या पुस्तकांविषयी थोडी आपुलकी वाटली. जे उकलून पाहता येते ते परके राहत नाही.

एका दुपारी अडतीस पुस्तके मोकळी झाली. उरली पंचवीस. कॅलिबर कुलपाला हात लावत नाही. कुलूप आहे असे सांगून ते बाजूला होते.

ही पुस्तके दादाने तीन-चार दुकानांतून घेतली होती. दोन दुकाने केव्हाच उठून गेली. त्यांची नावे घेत नाही. मेलेल्याविषयी वाईट बोलू नये. एक अजून चालू आहे. त्याला मी मुद्रितशोधकाच्या काळजीने, एकही चूक न ठेवता पत्र लिहिले. माझे बंधू वारले, ही त्यांनी पैसे देऊन घेतलेली पुस्तके, मला ती वाचायची आहेत, कृपया दुसरी प्रत अगर किल्ली द्यावी. तिसऱ्या दिवशी अत्यंत नम्र उत्तर आले, की अशी विनंती खातेदाराने स्वतः करावी.

ते पत्र मी सौभाग्यवतीला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, “करू दे की त्यांना स्वतः. पितृपक्ष जवळच आलाय.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. विकत घेतले म्हणजे आपले झाले, असे आपण धरून चालतो. माझ्या वडिलांची पुस्तके माझ्याकडे आली तेव्हा कोणी मला त्यांची सही आणायला सांगितली नव्हती. पण या व्यवहारात दादाने पुस्तक घेतलेच नव्हते. पुस्तक वाचण्याची परवानगी घेतली होती, आणि ती परवानगी त्याच्याबरोबर गेली.

मीराने मग मला या धंद्यातल्या दोन गोष्टी सांगितल्या. २००९ च्या जुलैत अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकल्या, कारण ज्याने त्या तेथे विकायला ठेवल्या त्याला तसा हक्कच नव्हता. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाने त्यातल्या एका पुस्तकावर अभ्यासाच्या टिपा काढल्या होत्या. टिपा उरल्या, पण त्या ज्या पानांवर होत्या ती पाने गेली. तो कोर्टात गेला. आणि पुसलेली पुस्तके कोणती? त्यातले एक ‘१९८४’. सरकार जुने कागद नाहीसे करते, त्याचीच ती कादंबरी.

दुसरी गोष्ट २०१९ ची. मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले आणि जुलैपासून विकलेली पुस्तके उघडायची थांबली. पैसे पूर्ण परत दिले. वर, ज्यांनी पुस्तकात टिपा लिहिल्या होत्या त्यांना पंचवीस डॉलर जास्त दिले. “म्हणजे बघ मामा,” मीरा म्हणाली, “टिपांनाही किंमत असते, हे दुकानदारालाही ठाऊक आहे.”

मी ते ऐकले आणि विसरलो. पण त्या वाक्याने पुढे मला गाठलेच.

दुसऱ्या दिवशी मी मीराला विचारले, “कुलूप तोडता येईल का?” ती म्हणाली, “जुन्या कुलपांचं येतं. पण तुला चालेल का ते विचार.” प्रश्न रास्त होता. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या लिखाणाचा कानामात्रा सांभाळला. लेखकाची चोरी माझ्या हातून व्हायची नव्हती.

म्हणून आमच्या खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला आणि पुस्तक काढले. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन ६५-अ हे कलम आले. लेखकाचा हक्क बुडवण्याच्या हेतूने जो असे कुलूप फोडील त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. “पण हेतू हा शब्द वाचा,” वकीलसाहेब म्हणाले. “कायद्यानं जे मना केलेलं नाही, त्यासाठी कुलूप काढायला हे कलम आड येत नाही. आणि स्वतःच्या खाजगी वाचनासाठी रास्त वापर कायद्याला मंजूर आहे. तुम्ही प्रती काढून वाटणार आहात का?” मी म्हटले, “छे!” “मग वाचा की. मात्र एक आहे. दुसऱ्यासाठी जो कुलूप काढून देतो, त्यानं त्याचं नाव, पत्ता आणि कारण याची नोंद ठेवायला हवी.”

हे ऐकून मला आमच्या दादर स्टेशनबाहेरचा किल्लीवाला आठवला. तोही पाहुण्या माणसाला किल्ली करून देताना चार प्रश्न विचारतो.

अमेरिकेत मात्र कायदा कडक आहे. तेथे १९९८ सालच्या कायद्याने कुलूप काढणे हाच मुळी गुन्हा ठरला; सवलती ठरावीक आणि दर तीन वर्षांनी तपासून दिलेल्या. २००१ च्या जुलैत दिमित्री स्क्ल्यारोव्ह नावाचा एक तरुण रशियन प्रोग्रामर लास व्हेगासच्या परिषदेत भाषण करायला आला. अॅडोबीच्या पुस्तकांचे कुलूप काढणारा प्रोग्राम त्याने आपल्या कंपनीसाठी लिहिला होता. रशियात त्याला बंदी नव्हती. परिषद आटोपून निघताना त्याला अटक झाली. लोकांनी निदर्शने केली, तेव्हा खुद्द अॅडोबीने तक्रारीतून अंग काढून घेतले. पुढे त्याच्यावरचा खटला मागे घेतला गेला, आणि २००२ च्या डिसेंबरात ज्यूरीने त्याच्या कंपनीलाही निर्दोष सोडले. ही बातमी दादाने मला तेव्हा फोनवर सांगितली होती. “बापू, पुस्तक उघडलं म्हणून माणसाला धरलंय!” मी म्हणालो होतो, “आमच्याकडे न उघडल्याबद्दल धरायला हवं.” दोघेही हसलो होतो. त्याच्या कपाटातल्या पुस्तकांना तेच कुलूप लागलेले आहे, हे तेव्हा दोघांच्याही मनात आले नाही.

मीराने शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर माझे नाव, इमारत, खोली नंबर आणि ‘कारण’ या सदरात लिहिले: दिवंगत बंधूंची पुस्तके वाचणे. मी खाली सही केली. सौभाग्यवती म्हणाली, “लग्नाच्या रजिस्टरनंतर इतक्या गंभीर चेहऱ्यानं सही करताना आजच पाहिलं.”

किल्ली होती त्या विटेएवढ्या लॅपटॉपात, कारण पुस्तके त्याच्यावर घेतलेली. पण त्याची बॅटरी मेलेली आणि चार्जर न्यू जर्सीतच राहिलेला. लॅमिंग्टन रोडवर तीन तास फिरलो. चौथ्या दुकानात एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून खोके उतरवले, लॅपटॉपच्या बुडावरचे आकडे भिंगातून वाचले आणि तसाच एक अडॅप्टर साडेचारशे रुपयांना दिला. वर म्हणाला, “हे यंत्र सुरू झालं तर पुन्हा बंद करू नका. आधी काम उरका.”

यंत्र सुरू झाले. घरघरले, थांबले, पुन्हा घरघरले. आतली घड्याळाची बॅटरीही संपलेली, त्यामुळे कोपऱ्यात तारीख दिसत होती १ जानेवारी २००२. त्या यंत्राच्या हिशेबाने दादा अजून न्यू जर्सीत होता आणि रविवारी फोन येणार होता.

पंचवीसपैकी एकोणीस पुस्तके उघडली. मीराने त्यांची आजच्या घडणीत रूपांतरे केली. सहा अजून बंदच आहेत; त्यांची किल्ली यंत्रावर उतरलेली नव्हती, आणि ती देणारा सर्व्हर आता नाही.

त्या एकोणिसांत पहिलेच पुस्तक पाहिले आणि मला हसू आले. जेरोम के. जेरोमचे ‘थ्री मेन इन अ बोट’, १८८९ सालचे. जेरोम १९२७ साली वारला. त्याच्या पुस्तकाचा कॉपीराइट केव्हाच संपला. हेच पुस्तक ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर कोणालाही फुकट मिळते. मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर साध्या अक्षरांत टाईप केला, तेथून त्या ग्रंथालयाची सुरुवात. साध्या अक्षरांतली फाइल पन्नास वर्षांनीही कोणत्याही यंत्रावर उघडते. आणि दादाने पैसे देऊन घेतलेले तेच पुस्तक वीस वर्षांत बंद पडले. इतकी धडपड करून जे सोडवले ते रस्त्यावर पडलेले होते! मी मीराला म्हटलेही, “हे तर फुकट मिळत होतं गं.”

ती काही बोलली नाही. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पानाच्या कडेला एक बारीक खूण होती. तिने त्या खुणेवर टिचकी मारली आणि दादाचा शेरा उघडला.

तो रोमन लिपीत मराठी लिहायचा. त्या काळी त्या यंत्रावर देवनागरी कुठली? सामान बांधण्याची फजिती आहे त्या प्रकरणाच्या कडेला त्याने लिहिले होते: ‘बाबांची वळकटी! गणपतीला निघताना तीनदा सोडली, चष्मा आत राहिला म्हणून. चष्मा कपाळावर.’ मी तेव्हा सात वर्षांचा होतो. मला ती वळकटी आठवत होती. चष्मा कपाळावर होता हे दादालाच ठाऊक होते. पुढच्या पानावर आणखी एक शेरा. त्याच्या पुढे आणखी.

मीरा हळूच म्हणाली, “मामा, पुस्तक नव्या फाइलीत आलं, पण शेरे येत नाहीत. ते वेगळ्या जागी साठवलेले आहेत. ते इथंच वाचता येतील, जोवर हे यंत्र चालतंय तोवर.”

तेव्हा मला ते पंचवीस डॉलर आठवले. जेरोमचे पुस्तक जगातून जाणार नव्हते. ते मुंबईत आहे, लंडनमध्ये आहे, गुटेनबर्गवर आहे. कुलपात खरे अडकले होते ते दादाचे वाचन. पुस्तकाची दुसरी प्रत मिळते. शेऱ्यांची प्रत एकच.

मग मी मला येते ते काम केले. एक रेघी वही घेतली, चष्मा पुसला आणि पडद्यावरून एकेक शेरा उतरवायला बसलो. पान, ओळ, शेरा. रोमन अक्षरे देवनागरीत आणताना दादाचे ऱ्हस्वदीर्घ मात्र मीच सुधारले; तेवढा थोरल्या भावावर धाकट्याचा हक्क असतो. तीन संध्याकाळी लागल्या. यंत्र रात्रंदिवस चालू ठेवले होते. सौभाग्यवती मधूनच येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून ऊन झाले आहे का पाहायची, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. एकोणीस पुस्तकांत मिळून एकशे बारा शेरे निघाले. काहींत नुसते ‘वा!’, काहींत हिशेब, एकात वहिनींनी सांगितलेली सामानाची यादी. आणि जेरोमच्या शेवटच्या पानावर हा: ‘हे बापूला वाचायला द्यायला हवे. पण तो म्हणेल, कागदावर दे.’

चौथ्या दिवशी सकाळी यंत्र बंद पडलेले होते. मीराने बरीच खटपट केली. मी तिला म्हटले, “राहू दे आता.”

या दिवाळीत तुमच्याही घरात जुना संगणक, जुना फोन माळ्यावरून खाली येईल आणि भंगारवाला दारात उभा असेल. त्याला द्यायच्या आधी एकदा सुरू करून पाहा. त्यात कोणाची पुस्तके असतील, कोणाच्या खुणा असतील. जे नुसते जुने आहे ते मोकळे करून घ्या. जे कुलपात आहे त्याची किल्ली कदाचित त्याच यंत्रात असेल. आणि घरातले जे वडीलधारे आज पडद्यावर वाचतात, त्यांना त्यांचे शेरे साध्या अक्षरांत वेगळे काढून ठेवायला आजच सांगा. उद्या विनंती खातेदाराने स्वतः करावी लागते.

दादाचे शेरे मी झेरॉक्स करून वहिनींना पाठवले. मूळ वही माझ्या कपाटात, वाळवीच्या जवळच, डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहे. किल्ल्यांची जुडीही यंदा टाकलेली नाही.